डबे कोणाच्या ताब्यात होते?

गेल्या वर्षीचा दसरा झाल्यानंतरचा पहिला सोमवार. माझ्या भट्टीमागच्या वसाहतीच्या सचिवांनी धुराविरुद्ध नगरपालिकेकडे अर्ज दिला. जबाबदार : सचिव, निवृत्त मुख्याध्यापक.

धनत्रयोदशीच्या आधीचा शुक्रवार, दुपारच्या नमाजाच्या थोडे अगोदर. नोटीस न देता, म्हणणे ऐकून न घेता आणि पंचनामा न करता माझी भट्टी सील करण्यात आली. जबाबदार : आरोग्य विभागाचे निरीक्षक.

त्या शुक्रवारपासून तुळशीचे लग्न उलटेपर्यंतचा कचेरीचा प्रत्येक दिवस. मी अर्ज दिले, पोच घेतली, उत्तर आले नाही. जबाबदार : मुख्याधिकारी.

मी नावे लिहीत नाही, पदे लिहितो. नाव लिहिले की माणूस भांडायला येतो आणि पद लिहिले की त्याला उत्तर द्यावे लागते, असा माझा नोकरीतला समज होता. तो अद्याप खरा ठरलेला नाही.

नोकरी म्हणजे न्यायालयातील बेलीफची. समन्स बजावणे, जप्ती करणे, ताबा देणे, सील लावणे ही माझी कामे. नंदुरबार जिल्ह्याची पठारावरची आणि डोंगरातलीही गावे मी पायाखाली घातली. धडगावच्या जीपमध्ये मागच्या फळीवर लटकत गेलो, काठीच्या उतारावर चप्पल हातात घेऊन चाललो. ज्या घरी जाई त्या घरचे दार लागे. आत मूल रडत असले तरी बाहेर ‘घरमा कोनी नही शे’ असे आतूनच सांगितले जाई. याबद्दल माझी तक्रार नव्हती. दार लागणे हे त्या पदाबरोबर येते.

तक्रार निर्माण झाली ती मणिबेलीच्या एका समन्सावरून. बोटीने गेलो. बोटवाल्याने मधेच इंजिन बंद केले आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “साहेब, तुमचा पत्ता हा. उतरता का?” समन्सावर लिहिलेले घर धरणाच्या पाण्याखाली होते आणि त्या घरातली माणसे कोठे वसली हे कोणी सांगत नव्हते. मी परत येऊन तसा अहवाल लिहिला. कार्यालयाने तो शेरा मारून परत पाठवला : प्रतिवादी मिळून न आल्यास घराच्या दर्शनी दारावर प्रत चिकटवून बजावणी पूर्ण करावी. मी तो शेरा उभ्याउभ्या वाचला, पुन्हा बसून वाचला. पाण्याखालच्या दारावर कागद कसा चिकटवायचा हे विचारणारे पत्र मी लिहिले. त्याला उत्तर मिळाले ते असे की पत्राची भाषा अयोग्य आहे. त्यानंतर मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. वय अठ्ठेचाळीस होते.

घरी आमची बोली मिसळीची आहे. पत्नी म्हणाली, “लोगां सरकारी नोकरी के लिए मरते, और तुम अपने पाँव से निकलके आते. अब क्या करोगे? लोगों के दरवाजे पे जाने का नहीं, तो?”

मी म्हणालो, “लोक आपल्या दाराशी येतील असे काही करू.”

तिच्या वडिलांची बेकरी होती आणि नानखटाईचा हात तिला माहेरून मिळालेला होता. जुन्या बाजारामागच्या गल्लीत एक बंद पडलेली लाकडाची भट्टी भाड्याने मिळाली. बाभळीचे लाकूड, मातीविटांचा घुमट, आणि मागे तेव्हा कोणाचे तरी कापसाचे शेत. वसाहत नव्हती. ही बाब मी पुढे प्रत्येक अर्जात दुसऱ्या परिच्छेदात लिहिली आहे : भट्टी आधी, वसाहत नंतर.

पहिल्या सकाळी दार उघडून मी उभा राहिलो तर गल्ली रिकामी. लोक कोपऱ्यावरून मला पाहत आणि मागे फिरत. अखेर समोरचा शिंपी जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “बेलीफसाहेब, कोनावर जप्ती शे?” मी त्याला खारी खायला दिली. त्याने ती हातात घेतली, पण बऱ्याच वेळाने खाल्ली. माझ्या हातून आलेली वस्तू सहीशिवाय घेता येते यावर गावाचा विश्वास बसायला एक उन्हाळा लागला.

विश्वास बसला तो दिवाळीच्या नानखटाईमुळे. आमच्या भागात नानखटाई विकत घेत नाहीत, भाजून घेतात. बायका घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप आपापल्या डब्यांतून आणतात, भट्टीच्या ओट्यावर बसून स्वतः मळतात, स्वतः वळतात. आमचे काम वळलेल्या नानखटाईचे पत्रे आत सारण्याचे आणि वेळेवर ओढण्याचे. मजुरी तेवढीच. नंबर लावण्यासाठी माणूस थांबत नाही, डबा थांबतो. पहाटे डबा रांगेत ठेवून बाई घरी जाते, सडा घालते, मुलांना आंघोळ घालते आणि नंबर आला की येते. डब्याला कोणी हात लावत नाही. भट्टीत चार घरांचे पत्रे एकत्र जात असल्यामुळे प्रत्येक घराची खूण ठरलेली : एकीची चारोळी, एकीची बदामाची फोड, एकीचा नखाचा आडवा दाब. एका घरची नानखटाई दुसऱ्या घरी गेली असे माझ्या भट्टीवर कधी घडले नाही. कायद्याच्या भाषेत ते डबे माझ्यापाशी ठेव होते. आमच्या घरच्या भाषेत अमानत.

मागच्या शेतात वसाहत उभी राहिली आणि तिथल्या बायकाही डबे आणू लागल्या. धूर होतो, हे मी नाकारत नाही. सचिवांनी मला एकदा बोलावून सांगितले असते तरी चिमणी उंच करण्याची माझी तयारी होती आणि ती मी नंतर लेखी कळवलीही. त्यांनी मला बोलावले नाही. त्यांनी अर्ज लिहिला आणि घरोघरी फिरवला. पुष्कळांनी न वाचता सही केली, कारण सचिव जे आणतात त्यावर त्या वसाहतीत सही करतात. मागच्या वेळी ते पाण्याच्या टाकीसाठी आले होते. काही जणांनी मला सुचवले की यामागे धुराखेरीज निराळे कारण आहे. ते कारण मी लिहिणार नाही. ज्याचा पुरावा माझ्यापाशी नाही ते मी लिहीत नाही, आणि याच नियमाने माझ्याशी कोणी वागावे एवढे मात्र मागतो.

त्या शुक्रवारी पत्र्यांचा एक घाणा भट्टीत होता आणि डब्यांची रांग ओट्यावरून दारापर्यंत आली होती. निरीक्षक दोन शिपायांसह आले. म्हणाले, “सगळे बाहेर व्हा.”

मी म्हणालो, “आदेशाची प्रत द्या.”

“मागून मिळेल.”

“मग पंच बोलवा. आतल्या मालाची यादी करा. हा माल माझा नाही.”

“तुमच्या दुकानात आहे ना? मग तुमचाच,” असे म्हणून त्यांनी शिपायाला कुलूप दिले.

एक म्हातारी बाई दाराची चौकट धरून उभी राहिली. “साहेब, मन्हा डबा मधमा शे. तूप घरनं शे, मन्ही पोरनी धाडेल.”

“मालकाशी बोला, आजी.”

“मालक तं मीच शे ना डबानी,” ती म्हणाली. बायका हसल्या. निरीक्षक हसले नाहीत. शिपायाने तिचा हात चौकटीवरून अलगद काढला, कुलूप लावले, लाख वितळवून सील केले.

माझ्या नोकरीत मी किती सीले लावली असतील. एकही पंचनाम्याशिवाय लावलेले नाही. दोन पंच, वस्तूंची यादी, प्रत्येक वस्तूची स्थिती, सह्या, प्रत. मोडकी खुर्ची असली तरी ‘एक पाय मोडका’ असे लिहायचे, कारण उद्या तो पाय कोणी मोडला असा प्रश्न येतो. कर्जदाराच्या घरातली स्वयंपाकाची आवश्यक भांडी न्यायालयालाही जप्त करता येत नाहीत. ती दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवलेली असली तरी मी त्यांना वळसा घालून गेलो आहे. येथे सणाच्या तोंडावर अर्ध्या गावाचे तुपाचे डबे कुलपात गेले आणि त्यांची एका ओळीचीही नोंद झाली नाही.

भट्टीतला घाणा आतच राहिला. निखारे बाजूला सारलेले होते, पण घुमट तापलेला होता. दुपार कलली तशी नानखटाई करपू लागली आणि जो धूर अर्जात वर्णिला होता तो त्या दिवशी खरोखर वसाहतीत गेला. खिडक्या लागल्या. सचिव स्वतः माझ्या घरी आले.

“बेलीफसाहेब, फार वास येतोय. काहीतरी करा.”

“सर, आत जायची मला मनाई आहे.”

“अहो, पण जळतंय काय ते?”

“पहिल्या पत्र्यावर लवंगेची खूण होती,” मी म्हणालो. “लवंग तुमच्या सूनबाई लावतात.”

 सचिवांच्या घरचा डबा पहाटेपासून भट्टीवर होता हे त्यांना ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही कुलूप फक्त माझ्यावर लागेल असे त्यांना वाटले होते. “मी निरीक्षकांना फोन करतो,” असे पुटपुटून ते गेले. फोन केला असेल. कुलूप निघाले नाही.

बायका नगरपालिकेत गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते : डबा तुमच्याकडे ठेवला, तुम्ही द्या. “चाचा, तुम्ही तं कोर्टमा व्हतात. तोडी टाका कुलूप,” एकीने सांगितले. सरकारी सील तोडणे हा गुन्हा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. “मंग त्यासनी आमनं तूप कोंडं ते काय शे?” तिने विचारले. त्याला कायद्यात उत्तर आहे. माझ्यापाशी ते उत्तर होते, पण त्याने तिची दिवाळी होणार नव्हती. पत्नीने घरातले होते तेवढे तूप काढून तव्यावर थोडी नानखटाई केली आणि लहान मुले असलेल्या घरी पोचवली. तव्यावरची ती बसकी झाली. कोणी नावे ठेवली नाहीत.

दिवाळी गेली. तुळशीचे लग्न उलटल्यावर एका सकाळी एकटा शिपाई किल्ली घेऊन आला. मी म्हणालो, “आता तरी पंच आण. उघडतानाचा पंचनामा होऊ दे.”

“चाचा, माले फक्त कुलूप काढाले सांगेल शे,” तो म्हणाला आणि कुलूप काढून खिशात घालून निघून गेला.

मी उंबऱ्यावर आडवा उभा राहिलो. कोणीही आत जाऊ नये, पंच मिळेपर्यंत कोणत्याही वस्तूला हात लागू नये, असे मी जाहीर केले. बातमी गल्लीभर झाली होती, बायका जमल्या. पत्नी माझ्या मागून म्हणाली, “लोगां का माल है जी. पहले उनका उनको दो, पंच बाद में बुलाओ.” मी बाजूला झालो नाही; त्यांनीच मला बाजूला केले. प्रत्येकीने आपला डबा ओळखून उचलला आणि ओट्यावर उघडला. मैद्यात किडे होते, साखरेला मुंग्या होत्या. उंदरांनी तुपाच्या डब्यांच्या तोंडाला बांधलेले कापडी दादरे कुरतडून तूप खाल्ले होते. काही डब्यांत निम्मे होते, काहींत तळाला. ती म्हातारी डब्यात डोकावली आणि फाटका दादरा पुन्हा बांधून डबा घेऊन गेली.

आठवड्याच्या आत गावात बोलणे सुरू झाले. उंदीर एवढे तूप खातो का. किल्ली दुसरी असू शकते. कोर्टातला माणूस, त्याला कुलपे माहीत. सचिवांच्या सूनबाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितले, “चाचा, मी नाही हो म्हणत. लोक म्हणतात.” तिच्या डोळ्यांत दया होती आणि तीच मला सहन झाली नाही. आरोप करणाऱ्याला मी पुरावा मागितला असता. दया करणाऱ्याला काय मागायचे?

यंदाची दिवाळी होऊन गेली. भट्टी चालू आहे, चिमणी उंच केली आहे, पाव आणि खारी खपते. पण दिवाळीच्या तोंडावर पहाटे मी दार उघडून वाट पाहिली तरी ओट्यावर डबे आले नाहीत. दिवसभरात ज्या थोड्या बायका आल्या त्या डब्याशेजारी बसून राहिल्या. नंबर येईपर्यंत एकही बाई डबा सोडून घरी गेली नाही. माझ्या भट्टीवर पहिल्यांदाच माणसांची रांग लागली आणि पत्नी दिवसभर त्यांना चहा देत फिरली, कारण त्यांच्याकडे बघत बसणे तिला शक्य नव्हते.

भरपाई मला नको. ती मी कोणत्याही अर्जात मागितलेली नाही. निरीक्षकांनी उत्तर द्यावे. माझ्या अर्जावर नको, ते कपाटात जाईल. रोज सकाळी घंटागाडी वसाहतीत आणि आमच्या गल्लीत येते आणि भोंग्यावरून ओला कचरा, सुका कचरा सांगते, तेव्हा बायका दारात उभ्या असतात. त्याच भोंग्यावरून, स्वतःच्या आवाजात आणि आपले पद सांगून, त्यांनी त्या बायकांना सांगावे की मालाची यादी केली होती का, आणि कुलूप लागल्यापासून निघेपर्यंत ते डबे कोणाच्या ताब्यात होते.