खाली 'तपासलं' लिहिणारे दिगंबरराव

बातमी आली तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेसाठी ताटकळत होते. कारकून म्हणाला, "मॅडम, दिगंबरराव गेले." माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आज सोमवार, वेबसाइट तपासायची राहिली... माणूस गेला आणि मला काम आठवलं, याची अजून लाज वाटते.

तेलंगणातल्या आदिलाबादेत आम्ही दोघं वकील एकाच खोलीत बसायचो. जमिनीचे कायदे गावाकडच्यांना मराठीत कळावेत म्हणून दिगंबररावांनी ती वेबसाइट काढली होती. एकदा पैनगंगेपलीकडच्या वकील मित्राने लिहिलेलं अपिलाचं पान त्यांनी जसंच्या तसं टाकलं. भाषा तीच, पिकं तीच, सोयरिकी त्याच; कायदा तेवढा महाराष्ट्राचा! आपल्याकडच्या एक शेतकरी, अनसूयाबाई, त्या पानावरची मुदत धरून बसल्या. इथली मुदत कधीच सरली होती. अपील फेटाळलं, बांधालगतचा तुकडा गेला. बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुमी लिहलं म्हून मी थांबली."

तेव्हापासून दर सोमवारी दिगंबरराव एकेक पान नव्या आदेशांशी ताडून पाहायचे, तहसील कचेरीत फोन करून खातरजमा करायचे आणि मग अनसूयाबाईंना फोनवर वाचून दाखवायचे. बाईंना समजलं, की मगच पानाखाली 'तपासलं', तारीख आणि स्वतःचं नाव लिहायचे. आणि नियम तरी किती बदलावेत हो! मी वैतागायचे, "काऊन जीव काढून राह्यले? कोन वाचते हे?"

"एका बाईनं वाचलं होतं नं..." एवढंच म्हणायचे. शेवटी शेवटी दम लागायचा, तरी वाचन चुकलं नाही.

ते गेल्यावर महिनाभर मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगते, थकले होते. बंदच करून टाकू, असं ठरवलं होतं. गेल्या सोमवारी खोलीतला फोन वाजला. अनसूयाबाई होत्या.

"साहेब गेले, मले ठाऊक हाये. पन ते अपिलाचं पान अजून दिसते. माही भाची त्यावरून मुदत मोजून राह्यली. खरं हाये का ते?"

महिनाभर ते तपासलंच नव्हतं. "तिला थांबवा," म्हटलं आणि तहसील कचेरीला फोन लावला. मुदत बदलली होती. पान दुरुस्त केलं, बाईंना सावकाश वाचून दाखवलं. "समजलं," त्या म्हणाल्या.

खाली दिगंबररावांचं नाव पुसून माझं लिहायचं होतं. आधी नुसती तारीख बदलली... पण त्या पानावर खोटं काही राहून चालणार नव्हतं. लिहिलं.