मामांची सुई

पनवेल गावात पदवीवाचून सर्वांत जास्त औषधे कोणी दिली असतील, तर ती आमच्या हिच्या मामांनी. पाटी माझी, टेबल माझे, गळ्यातली नळी माझी. औषध मात्र मामा ठरवीत. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतल्या औषधांच्या जाहिराती इतक्या मन लावून वाचल्या, की तेवढ्या अभ्यासात मी आणखी एक पदवी पदरात पाडून घेतली असती. दवाखान्यात येऊन ते दुखणे कधी सांगत नसत, थेट मागणी करीत. "जावईबापू, बाटलीत तांबडं मिक्श्चर भरा. परवाचं पांढरं अगदीच मिळमिळीत निघालं." दोन्हींत औषध एकच, रंग तेवढा निराळा, हे सांगायची माझी छाती नव्हती. एक तर ते नात्याने मामेसासरे, आणि समोरच्या आळीत नवा डॉक्टर येऊन बसलेला. मागाल ते देतो अशी त्याची ख्याती होती.

पुढे पेनिसिलिन आले आणि मामांना दुसरे काही दिसेना. शिंक आली की बाही वर! साध्या सर्दीला ते टोचायला माझे मन घेईना, म्हणून मी नुसते शुद्ध पाणी टोचू लागलो. मामा दोन दिवसांत खडखडीत बरे होत आणि बाकावरच्या मंडळींना कौतुकाने दंड दाखवीत. मग चिरनेरहून गुडघे धरून आलेली म्हातारीही हटून बसे, "मना पन मामांचीच सुई दे. गोल्यांनी काय नाय व्हत." तिलाही मी टोचले. लाज वाटायची, पण दवाखाना भरलेला असायचा.

एका सकाळी मामींचे पोट दुखू लागले. घरी जाऊन पाहतो तर उजवीकडे बोट लावू देईनात. अपेंडिक्स, लगेच मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करायला हवी होती. मामा म्हणाले, "कापाकापी कशाला? आपली सुई टोचा, उद्या उठून स्वयंपाकाला लागेल." मी नाही म्हटले. "तुम्ही देत नसाल तर समोरचा देईल," म्हणत ते वहाणा घालू लागले. तेव्हा मात्र मला राहवले नाही.

"मामा, चार वर्षं मी तुम्हाला पाणी टोचतोय. नुसतं पाणी!"

मामा उंबऱ्यातच थांबले. माझ्याकडे पाहिले, मग कण्हणाऱ्या मामींकडे, आणि म्हणाले, "मोटार सांगा."

ठाण्यावरून मुंबई गाठली आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. मामी वाचल्या. मामांनी मला कधी बोल लावला नाही; लावला असता तर बरे वाटले असते. पुढच्या सर्दीला ते दवाखान्यात आले, बाकावर बसले आणि पाळी आल्यावर म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." हे ऐकायला माझे कान इतकी वर्षे आसुसले होते, आणि ऐकून मला अगदी चोरासारखे झाले. मी त्यांना चांगले, खरे औषध दिले. तीन आठवडे सर्दी हटली नाही. मामांची सर्दी दोन दिवसांत बरी करणे मला त्यानंतर कधीच जमले नाही.