पाठीतले धपाटे

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. बाराव्या दिवशी, बारशाला, ती पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, आणि मागे जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी मात्र त्या धपाट्यांची कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. दादा-वहिनीला लग्नानंतर फार उशिरा मूल होत होतं आणि त्या मुलाची मी एकुलती एक आत्या होते.

मी तोंडाची फटकळ. विरारहून रविवारी माहेरी वसईला गेले की नावावरून वहिनीशी भांडण ठरलेलं. तिला दोन अक्षरी, नव्या धर्तीचं नाव हवं होतं. मी म्हणायचे, "असं नाव बिस्किटाला शोभतं." ती हसायची. "वन्सं, नाव तुम्ही ठेवाल हो, पण दिवसभर हाका मला मारायच्यात." एरवी ती मला ताई म्हणते, 'वन्सं' फक्त चिडवायला. शेवटी एका नावावर आमचं जमलं. बारशाआधी ते कोणी उच्चारायचं नाही, असंही ठरलं. मी ते इथेही लिहिणार नाही.

मुलगी झाली. वहिनीचं माहेर लांब तळकोकणात, म्हणून बाळंतीण आमच्याच घरी राहिली. पोरगी रडायचीच नाही. चार घोट प्यायली की डोळे मिटायची. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "गुनाची पोर हाय. आईला जरा त्रास देत नाय." शेजारणी वहिनीला म्हणायच्या, नशीब काढलंस गं. रात्रंदिवस भोकाड पसरणारी दोन मुलं मी वाढवलेली, मला तर हेवाच वाटला. रडण्याइतकीही ताकद त्या जिवात नसेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

वहिनीच्या आलं. "ताई, बघा ना, पिताना हिच्या कपाळाला घाम येतो. आणि पाय गार लागतात."

आई म्हणाली, "शेगडीची ऊब लागते, म्हनून घाम. पाय गार लागतात तर मोजे घाल."

घामाला एक उत्तर, पायांना दुसरं, आमच्याकडे दोन्ही तयार होती. मी विरारच्या बाजारातून पिवळे लोकरीचे मोजे आणले. वहिनी मात्र ते मोजे काढून पुन्हा पुन्हा पाय चाचपून बघत राहायची.

बारशाच्या सकाळी मी वाडीतला मोगरा गुंफून पाळणा सजवला. पाळणा शेजारच्या काकूंचा, जुना, सागवानी. आळीतली निम्मी पोरं त्यात झोपलेली. चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या. एवढ्यात आतून वहिनीने हाक मारली. बाळ दूध तोंडात घेत नव्हतं. ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. आई म्हणाली, "कोनाची तरी नजर लागली," आणि मीठ-मिरच्या आणायला वळली. बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नसतं, हे सांगायला तिने तोंड उघडलं तोवर वहिनी पोरीला छातीशी धरून अंगणात उभी होती. "गाडी काढा," ती दादाला म्हणाली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वसईतल्या डॉक्टरांनी बाळाच्या मांडीच्या मुळाशी बोटं दाबली आणि बराच वेळ नाडी शोधली. ती लागेना. त्यांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावून आम्हाला मुंबईला धाडलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. अंगाला रक्त पुरवणारी मोठी नळी जन्मतःच एका जागी चिमटल्यासारखी अरुंद होती, आणि हृदयाच्या पडद्याला भोक होतं. जन्मानंतर काही दिवस एक आडवाट उघडी असते, तिच्यावर पोरीचं भागत होतं. ती वाट मिटत गेली तसं कमरेखाली रक्त पोचेना. म्हणून पाय गार. दादाने विचारलं, मोजे घातले म्हणून काही झालं का? बाई म्हणाल्या, "नाही हो." तो तरीही मान खाली घालून बसला.

औषधाने ती वाट पुन्हा उघडली. पाय कोमट झाले. ऑपरेशन ठरलं. आत फक्त आई-बापाला सोडत. पोरीच्या मनगटावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे वहिनीचं नाव. वहिनी त्या पट्टीकडे बघून सिस्टरला म्हणाली, "माझ्या मुलीला नाव आहे. ते सांगायला तिच्या आत्याला आत सोडा." ती दारातून हलेनाच, तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला गाऊन आणि टोपी चढवून आत नेलं.

कुठेही नळी ओढली जाऊ नये म्हणून मी श्वास धरून वाकले. "कुर्रर्र," म्हणाले. मग नाव सांगितलं. तिने भुवई जराशी उचलली. मी आत्या आहे, मला विचाराल तर तिने ऐकलं.

बाहेर आल्यावर मी मुद्दाम म्हणाले, "वहिनी, धपाटे राहिले हं."

"घरी गेल्यावर," ती म्हणाली. डोळे भरलेले, पण हसली. "चांगले सणसणीत घालणार, वन्सं."

ऑपरेशन झालं. बाहेर येऊन डॉक्टरांनी नीट झालं असं सांगितलं, आणि आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तिचं हृदय थकलं ते सावरलंच नाही. ती गेली. इतक्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. दादा एकटाच तिला हातांवर घेऊन चालत गेला, कोणाला हात लावू दिला नाही. माझा त्या डॉक्टरांवर राग नाही, देवावर अजून आहे, आणि 'गुणाचं बाळ' असं कोणी म्हटलं की त्या माणसावर.

पाळणा तसाच टांगलेला राहिला होता. काही दिवसांनी आई मला म्हणाली, "तो काकूंकडं देऊन ये. माझ्यानं बघवत नाय." मोगरा वाळून तपकिरी झाला होता. मी पाळण्यात वाकून माळांच्या गाठी सोडवत होते. वहिनी झोपलीय असं मला वाटत होतं.

पाठीत एक धपाटा बसला.

मी वळणार तोच दुसरा बसला, जोराचा. मग तिसरा. वहिनीचा पदर दुधाने भिजलेला होता, आणि ती दर धपाट्याला लेकीचं नाव घेत होती. घरात ते नाव पहिल्यांदाच मोठ्याने ऐकू येत होतं. आई दारात आली आणि तिथेच खाली बसली. मी पाळण्याची कड घट्ट धरली आणि वहिनीचे हात थकेपर्यंत वाकूनच राहिले.