गोड बंद, बिरडं चालू

माझ्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एकही सल्ला अर्धवट ऐकल्याशिवाय अमलात आणला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. श्रीवर्धनला त्यांची सुपारीची वाडी होती, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उठून कामाला लागायची त्यांना खोड होती. गुरांचे डॉक्टर एकदा म्हणाले, "गाईला जरा मोकळं सोडा, म्हणजे अंगणातल्या अंगणात..." अंगण ऐकायला आतोबा तिथे होतेच कुठे! गाय मोकळी सुटली ती तिसऱ्या दिवशी दिवेआगरला एका लग्नाच्या मांडवात केळीचे खांब खाताना सापडली. आत्याच्या गुडघ्याला वाळूचा शेक द्यावा असं कुणी सुचवलं, तर शेक हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी गाडीभर वाळू आणून माजघरात ओतली. आत्या पंधरा दिवस त्या वाळूतून ये-जा करत होती आणि दर खेपेला त्यांचा उद्धार करत होती. गंमत अशी, की सोळाव्या दिवशी तिचा गुडघा दुखायचा थांबला. असल्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा?

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. तहान भागेना, वर्गात उभं राहिलं की पाय लटपटत, म्हणून दवाखान्यात गेलो. आतोबा बरोबर होतेच. डॉक्टरांनी माझी लघवी नळीतल्या निळ्या औषधात उकळली आणि ते निळं औषध बघता बघता विटकरी झालं. "साखर उतरतेय. सुरुवात आहे, अजून आवरता येईल. गोड बंद," डॉक्टर म्हणाले. ते पुढेही बरंच काही सांगत होते, पण आतोबा तोवर रस्त्याला लागले होते. घरी आत्याने ऐकलं आणि तिने देव पाण्यात घातले. माझे वडील, म्हणजे तिचा भाऊ, याच दुखण्यात गेले होते. आधी अंगठ्याची जखम चिघळली, मग पाऊल, आणि पंचेचाळिशीच्या आत सगळं आटोपलं. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो आणि गोडाशिवाय माझं पान हलत नव्हतं.

आतोबांनी "गोड बंद" हा हुकूम शब्दशः घेतला. साखर-गूळ गेलाच, पण गोडा मसालाही गेला. गोडंतेल गेलं. परसातला गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, त्यांनी मुळासकट उपटला. घरामागच्या विहिरीला गोडं पाणी होतं, म्हणून मला समुद्राकडच्या विहिरीचं मचूळ पाणी सुरू झालं. गोडबोले नावाचे एक सज्जन कारकून संध्याकाळी गप्पांना येत, त्यांनाही आतोबांनी फाटकातच थांबवलं. "तुमचा काही दोष नाही हो," ते त्यांना समजावत होते, "पण पोराच्या प्रकृतीचा प्रश्न आहे." आत्या वैतागून म्हणाली, "आता माझं गोड बोलणंही बंद करा." त्यावर आतोबा शांतपणे म्हणाले, "ते तू आपणहून केव्हाच बंद केलंयस." तीन दिवसांनी मला मचूळ पाण्याने हगवण लागली तेव्हा कुठे आत्याने डॉक्टरांना घरी बोलावून त्यांचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं.

खरा अपराधी मात्र मीच होतो. गोडलिंबाचा बळी जात असताना माझ्या ट्रंकेत सदऱ्यांखाली गुळाचा खडा होता. सकाळी तांदळाची पेज पिऊन शाळेत जायचो, आणि दहा वाजले की जीव असा कासावीस व्हायचा की पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिशातला गूळ चघळायचो. देवापुढची खडीसाखरही मी सोडली नव्हती. एके दिवशी शाळेतून येतो तो आतोबा माझ्या ट्रंकेवर बसलेले. मुंग्यांची रांग बघत बघत ते तिथवर आले होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण त्यांनी सदऱ्यावरची एक मुंगी चिमटीत धरून खाली सोडली. "तुझे वडीलही असेच लपवून खायचे," ते म्हणाले. "मला माहीत होतं. मेहुणा म्हणून मी बोललो नाही." मग उठले आणि वाडीत निघून गेले. त्या दिवशी मी शरमेने जेवलो नाही, आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी पुन्हा गूळ खाल्ला.

सुपारी उतरवायचे दिवस होते. झाडावर चढणाऱ्या गड्यांना दहाच्या सुमाराला गूळ-पाणी द्यायची आमच्याकडे रीत. आतोबा रोज स्वतः गुळाची ताटली फिरवत. त्यानंतर एके दिवशी ताटली फिरवताना त्यांच्या लक्षात आलं, की सगळे गडी गुळावर तुटून पडतात, पण एक उंच गडी नुसतं पाणी पितो. त्यांनी त्याला विचारलं.

"गूळ कशाला, काका?" तो म्हणाला. "सकाली वालाचं कालवण आन् सुका बोंबील खाऊन आलोय. दुपारपातूर मला कायपन लागत न्हाय. हे पेज पिऊन येतात, त्यांना लागतो गूळ."

आयुष्यात पहिल्यांदा आतोबांनी कुणाचं तरी वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. एवढंच नाही, तर ते त्याला परत म्हणायला लावलं. मग आठ दिवस ते गड्यांच्या न्याहारीची चौकशी करत हिंडले. कुणी काय खाल्लं आणि दहा वाजता किती गूळ उचलला, यावर त्यांची नजर. नवव्या दिवशी त्यांनी आत्याला जाहीर केलं, "याची जीभ चोर नाही गं. याचं पोट रिकामं आहे. पेज बंद, बिरडं चालू!"

तेव्हापासून माझी सकाळ वालांनी उजाडू लागली. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. हे सोलण्याचं काम आतोबांनी आत्याकडे जाऊ दिलं नाही. ओटीवर बसून ते स्वतः एकेक दाणा सोलत. एक दिवस त्या वालांचं बिरडं, एक दिवस कुळथाचं पिठलं, कधी मूग, वर वाटीभर दही. शाळेत जायच्या आधी एवढं खायचं आणि भात अगदी नावाला. पहिल्या आठवड्यात मी कंटाळलो. दुसऱ्या आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मला आठवलं, की खिशात गूळ आहे. तो आहे हे मी विसरलो होतो! माझा माझ्यावर विश्वास बसेना.

पण त्यांच्या प्रेमाची हद्द मला कळली ती वाडीतल्या खोपीत. आतोबा कमालीचे सोवळे. कांदासुद्धा चातुर्मासात घरात येत नसे. डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाले, की अंडं चांगलं, आणि आतोबा पंचाईतीत पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोपीत बोलावलं. तीन दगडांवर डबा ठेवून आतोबा, हे माझे सोवळे आतोबा, एक अंडं उकडत होते, डब्याकडे पाठ करून! "पांढरा बटाटा आहे. खा," ते म्हणाले. मी खाऊन होईपर्यंत ते सुपारीच्या शेंड्यांकडे बघत राहिले आणि मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागरभर पाणी घेतलं. थंडीचे दिवस होते. हे आठवड्यातून दोनदा, सबंध हिवाळाभर चाललं. एकदा आत्याच्या कानावर "पांढरा बटाटा" हा शब्द गेला आणि ती म्हणाली, "अगंबाई, दोघंच खाता होय? मलाही आणा चार, भाजी करीन." आतोबांना ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना.

शिमग्याच्या आधी पुन्हा नळी उकळली. डॉक्टरांच्या टेबलापाशी आम्ही दोघं उभे होतो. औषध उकळलं, फसफसलं, आणि निळंच राहिलं. आतोबांनी ती नळी हातात घेतली, उजेडाला धरली, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गुळाची आणि वालाची सगळी हकिगत सांगितली तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "याला आम्ही प्रोटीन म्हणतो." आतोबा म्हणाले, "म्हणा ना. आम्ही बिरडं म्हणतो."

आतोबांना जाऊनही आता काही वर्षं झाली. मी पंचेचाळिशी ओलांडली ती दोन्ही पायांवर, आणि हे पाय त्यांनी दिलेले आहेत असंच मी मानतो. ते गेले तेव्हा चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं. सुतक संपलं की घरच्यांचं तोंड गोड करायचं, आणि आत्याचं करायचं ते माहेरच्या माणसाने, म्हणजे मी. मी शिऱ्याचा घास तिच्या तोंडात घातला. तिने तो कसाबसा गिळला आणि तसाच एक घास माझ्यापुढे धरला. "खा," ती म्हणाली, "आज त्यांच्यासाठी खायचा असतो."

इतक्या वर्षांत गोड असं मी खाल्लंच नव्हतं. तूप-साखरेचा, केळं घातलेला शिरा, एके काळी मी ज्याच्यासाठी देवघरातली चोरी आणखी दहादा केली असती. मी तो खाल्ला. छान होता. पण दुसरा घास घ्यावा असं वाटलंच नाही. ते आतोबांना सांगायला मी ओटीकडे मान वळवली, आणि त्यांची वाल सोलायची जागा रिकामी होती.