पुसद ते कळंब : उतार बघून थांबत आणलेला ट्रॅक्टर

पुसदहून कळंबला लोक कारने सकाळी निघून जेवायच्या आत पोचतात, आणि ज्यांना तसं जाता येतं त्यांनी तसंच जावं. आम्ही दोघी बहिणी जुन्या ट्रॅक्टरवर गेलो. ताई चालवत होती, मी मडगार्डवर बसले होते. कोणी हा बेत आखत असेल तर पहिला सल्ला : उशी न्या. दोन न्या.

ताईचं शेत कळंबजवळच्या गावात आहे. भाऊजी हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवतात आणि पांढरकवड्याला जेवायला थांबले की फोन करतात, त्यामुळे शेती एकटी ताईच बघते. सोयाबीन निघालं की जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरावा लागतो. उशीर झाला की ओल खाली जाते आणि बियाणं मातीत नुसतं पडून राहतं. भाड्याचा ट्रॅक्टर दरवर्षी गावातली सगळी शेतं उरकून शेवटी ताईकडे यायचा. ताई भांडायला जायची, तेव्हा चहा मिळायचा. ट्रॅक्टर मिळायचा नाही.

यंदा सोयाबीन निघालं आणि तिचा मला नागपूरला फोन आला. "शुभे, पुसदकडे जुना ट्रॅक्टर पाह्यला मी. आनाले येतं का? तुले तं फिराची लय हौस हाय." मला ज्या फिरण्याची हौस आहे त्यात खिडकी असते, हे मी बोलले नाही. भाऊजींचं म्हणणं होतं की जुनं वाहन म्हणजे घरात आणलेलं दुखणं. ते स्वतः किती जुन्या ट्रकवर आहेत याची ताईने त्यांना आठवण करून दिली आणि आम्ही एसटीने पुसदला निघालो.

ट्रॅक्टर पुसदपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यात होता. मालक राठोडकाका, डोक्याला फेटा, बोलणं मोजकं. ट्रॅक्टर एकेकाळी लाल असावा. देवळामागच्या चढावर तोंड खाली करून उभा होता. काका वर बसले, ब्रेक सोडला, ट्रॅक्टर चार हात घरंगळला आणि धडधडत सुरू झाला. ताईने टायर पाहिले, अवजार उचलायची लिफ्ट वरखाली करून पाहिली, कागदपत्रं पाहिली, ऑइलचा वासही घेतला. किल्ली फिरवून पाहायचं मात्र दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या बाबांचा ट्रॅक्टर आयुष्यभर उतारावरच उभा राहिला आणि घरंगळूनच सुरू झाला. माहेरी आम्ही ट्रॅक्टर सुरू होताना पाहिला तो असाच, त्यामुळे यात काही खोट असेल अशी शंकाही आली नाही. निघताना काकांनी चाकाखाली लावायचा एक लाकडी ठोकळा ताईच्या हातात दिला. "हे असू द्या, बाई. कामी येते." केवढा भला माणूस, असं मी म्हणाले.

पुसद ते दिग्रस रस्ता चांगला आहे, वळणाचा आहे आणि ट्रॅक्टरवरून तो फारच सावकाश बघायला मिळतो. सायकलवाल्या पोरींनी आम्हाला मागे टाकलं आणि मागे वळून हातही केला. दिग्रसच्या अलीकडे एका टपरीवर ताईने ट्रॅक्टर थांबवला, बंद केला. चहा झाला. ताईने किल्ली फिरवली. आतून दगड दळल्यासारखा आवाज आला आणि पुढे काहीच झालं नाही. ताईने काकांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काका, हा सुरू नाई होऊन राह्यला."

"कुठं उभा हाय?"

"टपरीजवळ. सपाटावर."

काका मनापासून चकित होऊन म्हणाले, "सपाटावर कायले थांबल्या?"

त्यांनी फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या लेखी ट्रॅक्टर ठणठणीत होता, चूक आमच्या थांबण्यात होती. मग त्यांनी पुढच्या रस्त्यावरचे उतार एकामागून एक सांगितले : पुलाआधीचा, गोदामाजवळचा, आर्णीच्या पेट्रोल पंपाचा. टपरीवरच्या सात-आठ जणांनी आम्हाला ढकललं, त्यातल्या एकाची चप्पल तुटली. त्याने चहा मात्र आमच्याकडून घेतला नाही, उलट आमचाही दिला.

त्यानंतर आमचा प्रवास चवीवर नाही, चढावर ठरू लागला. दिग्रसमध्ये कढी घातलेल्या आलुबोंड्याचं एक हॉटेल दिसलं, गर्दी होती, वास सुरेख होता, जागा सपाट होती. पुढे एका उतारावर थांबलो तिथे फक्त खारे शेंगदाणे मिळाले. आर्णीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पंपवाल्याने चढावर ट्रॅक्टर लावू दिला, आम्ही ठोकळा लावला आणि जवळच्या लॉजवर झोपलो. लॉज स्वच्छ, गरम पाणी बादलीने, भाडं परवडणारं. बिछाना हलत नव्हता, त्यामुळे मला बराच वेळ चुकल्यासारखं वाटत होतं.

सकाळी पंपाच्या उतारावरून ट्रॅक्टर सुरू केला आणि तसाच धडधडत रऊफभाईंच्या गॅरेजवर नेला. गावात त्यांना सगळे उस्ताद म्हणतात आणि ते स्वतःही म्हणतात. "आवाजात काय समजते? बंद करा," असं म्हणून आम्ही 'नको' म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच इंजिन बंद केलं. गॅरेज परातीसारखं सपाट होतं.

उस्ताद म्हणाले बॅटरी गेली. बॅटरी बदलून पाहिली, दगड दळले. मग म्हणाले सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, गेला. सेल्फ खोलला, पुसला, बसवला, दगड दळले. शेवटी टॉर्च घेऊन खाली वाकले आणि वर आले तेव्हा जरा गंभीर होते. "सेल्फ ज्या रिंगले फिरवते तिचे दात घासले, ताई. सेल्फ फिरते, पण धरते कायले? ही रिंग बदलाची तं पूरा ट्रॅक्टर मधातून दोन तुकडे करा लागते. चार दिवस धरा. पाचबी लागतीन."

ताई कोपऱ्यात आडव्या ठेवलेल्या टायरवर जाऊन बसली. रात्री शेजारणीने फोनवर सांगितलं होतं की शेताची वरची माती पांढरी पडायला लागली आहे. इथे ट्रॅक्टर सोडला तर तो नीट होणार होता आणि यंदाही हरभरा कोरड्यात पडणार होता. नेला तर वाटेत कुठेही, अगदी शेताच्या मधोमध, तो बसण्याची भीती होती. मी म्हणाले, "ताई, ठेवून जाऊ. पुढच्या वर्षी तरी कामी येईल." मला खरोखर तसंच वाटत होतं आणि थोडं घरीही जायचं होतं.

"पुढच्या वर्षी," ताई म्हणाली, "असं म्हनत म्हनत मी म्हातारी होऊन राह्यली." ती उठली. "उस्ताद, जीप हाय का वढाले?"

"ताई, रस्त्यात बंद पडला तं मले नाव नका ठेवू."

"नाई ठेवत. बंदच नाई करत त्याले."

जीपने ओढून ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्या दिवशी वाटेत ताईने तो खरंच कुठे बंद केला नाही. आर्णी ते यवतमाळ चौपदरी रस्ता आहे, गुळगुळीत, आणि आमच्यासाठी निरुपयोगी. यवतमाळला मी खाली उतरून भजी आणली, ताईने ती स्टिअरिंगवर कागद ठेवून खाल्ली. डिझेल घेताना पंपावरचा माणूस इंजिन बंद करा म्हणाला. आम्ही हात जोडले आणि पुढच्या पंपावरून कॅनमध्ये आणलं. कळंबला चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आम्ही आळीपाळीने दर्शन घेतलं, एक खाली देवापाशी, एक वर क्लचवर. मी काय मागितलं ते सांगायला हरकत नाही : आणखी थोडा वेळ चालू दे.

घरी उतार नव्हता. ताईने ट्रॅक्टर गावाबाहेर तलावाच्या पाळीच्या उतारावर लावला. पहाटे तिथूनच सुरू केला, बचत गटाचं पेरणी यंत्र मागे जोडलं आणि शेतात घातला. मी बांधावर बसून एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून होते, आवाज. दोनदा तो अडखळला, दोनदा मी बांधावरून उठून उभी राहिले. भाड्याच्या ट्रॅक्टरचा मालक रस्त्यावरून जाताना थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि निघून गेला. दुपार व्हायच्या आत पेरणी संपली.

नागपूरला परतून आता बरेच दिवस झाले. रिंग पुढे कळंबलाच बदलली, ट्रॅक्टरचे दोन तुकडे झालेले फोटो भाऊजींनी मला हौसेने पाठवले. माझी पाठ बरी झाली आणि हरभरा उगवला. पण या सहलीतलं मला सारखं आठवतं ते वेगळंच आहे. शेवटचं तास, म्हणजे पेरणीची शेवटची ओळ, झाल्यावर ताई चालू ट्रॅक्टरवरून उतरून माझ्याजवळ आली, वाकून तासातली माती उचलली आणि मुठीत दाबली. मूठ उघडली तर मातीचा गोळा तसाच राहिला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला रडू आलं.

"शुभे," ती म्हणाली, "पेरतानी इतकी ओल राह्यते होय? मले वाटे लोकं ओलीच्या नुसत्या बाता फेकून राह्यले."