एकोणपन्नास गांधीलमाश्या

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. डिसेंबरची मोठी सुट्टी लागली आणि विज्ञानाच्या बाईंनी मला चार आठवड्यांसाठी आमच्या बेटावरच्या, उसावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. शाळकरी मुलांना खरं संशोधन कसं चालतं ते कळावं, अशी तिथल्या कीटकतज्ज्ञ साहेबांची हौस. मी सोळा वर्षांची. सकाळी क्वात्र बॉर्नहून, म्हणजे आमच्या गावाहून, बस पकडायची, डबा मांडीवर घेऊन.

"एवढं शिकून शेवटी अळ्या मोजणार?" आई हसायची.

अळ्या नव्हे, मी माश्या मोजत होते. ऊस पोखरणाऱ्या अळीच्या अंगात एक चिलटाएवढी गांधीलमाशी अंडी घालते. तिची पिल्लं अळीला आतून फस्त करून बाहेर येतात, पांढरे कोष विणतात, आणि काही दिवसांनी त्यांतून नव्या माश्या निघतात. एका अळीमागे किती, हे मला सांगायचं होतं. पण काचेच्या बाटलीत त्यांचा असा गोंधळ चाले, की एकदा अडतीस भरायच्या आणि पुन्हा मोजल्या की चव्वेचाळीस.

साहेब शांतपणे म्हणाले, "मादम्वाझेल, माश्या तेवढ्याच आहेत. मोजणारी बदलते आहे."

मी कानापर्यंत लाल झाले.

तिसऱ्या शनिवारी एका बाटलीतले कोष दुसऱ्या दिवशी फुटतील असं दिसलं. रविवारी प्रयोगशाळा बंद. साहेबांनी बाटली घरी न्यायची परवानगी दिली आणि मी ती रुमालात गुंडाळून बसमधून आणली आणि व्हरांड्याच्या खिडकीत ठेवली.

आमच्याकडे रविवारी व्हरांड्यात मराठीचा वर्ग भरे. बाबा सरकारी कचेरीत कारकून, पण त्या सकाळी ते गुरुजी असत. अकरा मुलं यायची. मराठी त्यांना समजायची, उत्तरं मात्र क्रिओल या बेटावरच्या बोलीत. त्या दिवशी पाढे चालू असताना एक मुलगी खिडकीकडे बोट दाखवून ओरडली, "आयो, गेत सा! बघा, हे काय?"

कोष फुटले होते. सगळा वर्ग बाटलीभोवती. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की सगळ्या माश्या काचेच्या उजेडाकडच्या बाजूलाच गर्दी करताहेत. मी बाबांचा काळा कार्बन कागद घेतला आणि बाटलीभोवती गुंडाळला. वहीच्या पानाची बारीक नळी करून बाटलीच्या तोंडात बसवली आणि नळीचं दुसरं टोक एका रिकाम्या बाटलीत सोडून ती उन्हात ठेवली. फटी पिठाच्या खळीनं बुजवल्या. अंधारातून उजेडाकडे माश्या एकामागून एक चालत येऊ लागल्या, बसच्या रांगेतल्यासारख्या.

"मोजायला मदत करता का?" मी विचारलं.

"मोजा," बाबा म्हणाले, "पण मराठीत."

अठ्ठावीसपर्यंत गाडी छान गेली. पुढची माशी आली आणि सगळे अडखळले. "वीस-नऊ!" एकानं धीर केला. "एकोणतीस," बाबा म्हणाले. एकोणचाळीसला निम्मा वर्ग बरोबर निघाला. अठ्ठेचाळीसनंतर बराच वेळ एकही माशी आली नाही. मग एक माशी रेंगाळत बाहेर आली आणि व्हरांडा दणाणला, "एकोणपन्नास!"

दुपारी मी सुईनं रिकामे कोष वेगळे करून मोजले. एकोणपन्नासच.

सोमवारी साहेबांनी ती नळी फिरवून फिरवून पाहिली. "हे कोणी सुचवलं?"

"मलाच सुचलं, साहेब. मोजलं मात्र वर्गानं."

"मग अहवालात त्यांचीही नोंद हवी," ते म्हणाले आणि उरलेल्या सगळ्या बाटल्यांना तशाच नळ्या लावायला मला बसवलं.

शेवटच्या दिवशी तो अहवाल मी तिथल्या लोकांसमोर फ्रेंचमध्ये वाचला. बाबा अर्ध्या दिवसाची रजा काढून मागच्या बाकावर कोट घालून बसलेले. 'मोजणीस साहाय्य : क्वात्र बॉर्नमधील मराठी वर्ग' ही ओळ वाचली, तसा एका गृहस्थानं भुवया उंचावून विचारलं, "मराठीच्या वर्गात कीटकशास्त्रही शिकवतात?"

माझ्याआधी बाबाच उभे राहिले.

"होय," ते गंभीरपणे म्हणाले, "पण फक्त रविवारी."