प्रमोदिनीची ढोलकी

इंदोरा वस्तीतल्या प्रमोदिनीला गायन पार्टीतून काढलं, ते एका कॅसेटमुळं. साल चौऱ्याऐंशीचं. पार्टीत ती एकटीच बाई आणि ढोलकी तिच्या हातात. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाची कॅसेट तिच्याच घरी पार्टीतल्या सगळ्यांसमोर लागली. तिचा नवरा गोविंदा रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं जुन्या बाजारातून आणलेल्या दोन दांडग्या स्पीकरांतून नुसतं ढबढब घुमलं.

पार्टीचे म्होरके बळीरामभाऊ म्हणाले, "बाईचा हात जड हाय. दुसरा वादक पाहू."

"माहा हात जड नाही, भाऊ. तुमी ऐकून राहिले तो डबा जड हाय."

कोणी ऐकलं नाही. मंडळी गेल्यावर गोविंदा म्हणाला, "जाऊ दे ना वं. काहून भांडतं?"

"काहून नाही भांडू? मले एक इक्वलायझर बनवून द्या."

कुरकुरत का होईना, त्यानं ते जोडून दिलं. पाच सरकत्या खुंट्या, एकेका पट्टीतला आवाज कमीजास्त करायला. एक खर्जाची, एक वरच्या सुरांची, बाकी मधल्या. प्रमोदिनीनं आधी सगळ्या वर चढवल्या. आवाज आणखीच बिघडला, शेजारीण भांडायला आली. मग तिनं वेगळीच रीत धरली. कॅसेटचा एक तुकडा ऐकायचा, तोच लगेच ढोलकीवर वाजवायचा. स्पीकर जिथं हातापेक्षा जास्त घुमेल, तिथली खुंटी खाली. स्पीकर कोपऱ्यातून ओढून पुढं आणले, तेव्हा अर्धी घुमघुम त्यानंच गेली. राहिलेली खुंट्यांनी काढली. सासू म्हणाली, पोरीला वेड लागलं. प्रमोदिनी हटली नाही. हळूहळू ढोलकीच्या तोंडावरच्या काळ्या शाईवरची थाप सुटी, टणक ऐकू यायला लागली.

तिनं पार्टीला परत बोलावलं. तीच कॅसेट लावली, मध्येच थांबवली आणि पुढचे बोल स्वतः वाजवले. आवाजात फरक राहिला नव्हता.

बळीरामभाऊ खाकरले. "वाजवणं बराबर हाय. पण स्टेजवर बाई बसली का लोकं नावं ठेवतात."

"मंग तसं सांगायचं होतं. माह्या हातावर काहून ढकललं?" ती उठली. "तुमची पार्टी तुमाले लखलाभ. मी माही काढीन."

गल्लीतल्या चार बायका घेऊन तिनं खरंच पार्टी काढली. पहिला कार्यक्रम कन्हानला मिळाला. स्टेजवर पाचही जणी बसल्या, तरी आयोजक इकडंतिकडं पाहत विचारत होता, "ढोलकीवाला कुठं हाय?"

प्रमोदिनीनं ढोलकी मांडीवर ओढली.

"मीच हाय. माईक जरा खाली घ्या."